नावाने हाक : एका साध्या शब्दाचा लांबलचक इतिहास

१.
आजची कथा राजवाड्यात सुरू होत नाही. ती उसाच्या फडात सुरू होते. कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात बिद्री हे गाव आहे. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांच्या नावाने ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना याच बिद्रीचा. दिवाळी सरली की या साऱ्या परिसरात उसाची तोड सुरू होते आणि बीड, जालना, परभणी अशा दूरच्या जिल्ह्यांतून माणसांच्या टोळ्या उतरतात.

२.
एखादी टोळी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती कोयते?" उत्तर येते : "वीस कोयते." हे वीस कोयते म्हणजे वीस हत्यारे नव्हेत, वीस जोडपी. साऱ्या महाराष्ट्राच्या साखर धंद्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्यामागे ठरते. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. या हिशेबाने जोडप्यातील बाई म्हणजे एका हत्याराचा अर्धा भाग ठरते.

३.
यात कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून हा शब्द रूढ झाला. तरीही प्रश्न उरतो. माणसाला नाव असताना त्याला दुसऱ्याच कशाने ओळखण्याची सवय समाजाला कुठून लागते? आणि नावाने, आदराने हाक मारली जावी यासाठी कोणी कधी झगडले आहे काय? झगडले आहे. त्या झगड्यातील काही महत्त्वाची पाने याच कोल्हापूरच्या मातीत लिहिली गेली. आजचा थ्रेड त्याविषयी.

४.
आधी जुन्या मराठीकडे वळू. मध्ययुगीन मराठी पत्रव्यवहारात मजकुराइतकेच महत्त्व 'मायन्या'ला होते. कोणाला कोणत्या शब्दांनी संबोधावे हे शिकवणारे स्वतंत्र ग्रंथ असत. त्यांना 'मेस्तके' म्हणत. वडीलधाऱ्यांस 'तीर्थरूप', धाकट्यांस 'चिरंजीव', सरदारास 'अखंडित लक्ष्मी अलंकृत', प्रतिष्ठितास 'राजमान्य राजश्री'. पुढे याच 'राजमान्य राजश्री'चे 'रा. रा.' झाले आणि ते लग्नपत्रिकांपर्यंत पोहोचले.

५.
मायना चुकणे म्हणजे अपमान करणे. एखाद्याचा मायना एका पायरीने खाली आणला, तर पत्र उघडताच त्याला आपली बदललेली जागा कळे. म्हणजे नावापुढे काय लावावे, हा दरबारात शिष्टाचाराचा विषय होता, तसाच सत्तेचाही. पण मेस्तकांत ज्यांच्यासाठी मायनेच नव्हते, अशी फार मोठी रयत गावोगावी राहत होती. तिला पत्रे येत नसत. तिला हाका येत.

६.
त्या हाकांचे व्याकरण पाहा. 'गणपती' हे एकच नाव घ्या. घर मातब्बर असेल तर त्या घरचा मुलगा 'गणपतराव' होई. साधा कुणबी असेल तर 'गणपा'. आणि गावकुसाबाहेर जन्मला असेल तर साठी उलटली तरी 'गण्या'. देवाचे नाव तिघांचेही एकच, पण 'राव', 'पा' आणि 'या' या तीन शेपट्यांनी माणसाची जात, जमीन आणि जागा हाकेतच सांगून टाकली. त्यात क्रियापदाची भर पडे. कोणाला 'या, बसा', कोणाला 'ये, बस' आणि कोणाला 'तिथेच थांब'.

७.
जातीचा ठसा नावातच उमटल्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला दगडावर कोरलेला आहे. पुण्याजवळील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. तिच्या स्मृत्यर्थ कंपनी सरकारने उभारलेल्या स्तंभावर मृत सैनिकांची नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या अखेरीस 'नाक' हा प्रत्यय आढळतो. हा प्रत्यय त्या काळी महार समाजातील पुरुषांच्या नावांना लागत असे. त्यामुळे हे सैनिक कोण होते, हे अभ्यासकांना नावांवरूनच ओळखता आले.

८.
'नाक' शब्दाची व्युत्पत्ती काय, 'नायक' की 'नाग', याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गावात ज्यांना अर्ध्या नावाने हाक मारली जाई, त्यांचे पूर्ण नाव येथे दगडावर कोरले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी आले. त्यानंतर ही नावे पुन्हा मोठ्याने उच्चारली जाऊ लागली. कोरलेले नाव वाचणारा कोणी आला, तेव्हाच त्या दगडाला अर्थ आला.

९.
आता कोणी म्हणेल, "म्हणजे नाव घेतले की सन्मान झाला!" इतके सोपे नाही. इतिहास येथेच आपल्याला सावध करतो, कारण ज्यांना रोज नावाने पुकारले जात होते, असेही लोक होते. त्या पुकारण्यास 'हजेरी' म्हणत.

१०.
१८७१ मध्ये इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती'चा कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार आहेत, असे तो मानत होता. ज्यांच्यावर असा शिक्का बसे, त्यांची नावे पोलिसांच्या पटावर चढत आणि त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी आणि बेरड या जातींच्या लोकांवर हजेरीची सक्ती होती. गुन्हा केलेला असो वा नसो, चावडीवर जायचे, नाव पुकारले की "हजर" म्हणायचे आणि परतायचे.

११.
विचार करा. दिवसभर ज्याला गावात 'अरे ए' म्हणून हाकारले गेले, त्याचे पूर्ण नाव फक्त एकाच ठिकाणी घेतले जाई, आणि तेही संशयाने. नाव माहीत असणे ही एक गोष्ट आणि त्या नावाच्या माणसाला माणूस मानणे ही दुसरी. हजेरीच्या पटाने पहिली केली, दुसरी केली नाही. म्हणून या विषयात 'नाव घेतले काय?' एवढेच विचारून भागत नाही. 'कोणी घेतले, कशासाठी घेतले?' हेही विचारावे लागते.

१२.
आता बिद्रीच्या तालुक्याकडे, म्हणजे कागलकडे परत येऊ. कागल ही कोल्हापूर संस्थानातील जहागीर. तेथील घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणी आनंदीबाई यांनी या मुलाला दत्तक घेतले आणि नवे नाव दिले : शाहू.

१३.
म्हणजे ज्यांना आपण राजर्षी शाहू छत्रपती म्हणतो, त्यांना स्वतःच्याच आयुष्यात नाव बदलण्याचा अनुभव होता. वयाच्या दहाव्या वर्षी एका नावाने यशवंतराव घाटगे यांचा राजपुत्र झाला. नाव म्हणजे नुसता ध्वनी नसून माणसाच्या हाती येणारा किंवा त्याच्या हातून जाणारा अधिकार असतो, हे त्यांच्या चरित्राच्या आरंभीच दिसते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

१४.
१९१८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या एका वर्षात शाहू महाराजांनी तीन निर्णय घेतले. वरवर पाहता ते वेगवेगळे दिसतात, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिन्ही एकाच माळेचे मणी आहेत.

पहिला : महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद.
दुसरा : वेठीच्या चाकरीला बांधून ठेवणारी महार वतने खालसा करून जमिनी रयताव्याने त्या त्या लोकांच्या नावे.
तिसरा : वंशपरंपरागत कुलकर्णी वतन बंद आणि त्याजागी पगारी तलाठी.

१५.
या तिन्हींचा नावाशी काय संबंध? पहिल्या निर्णयाने संशयाच्या पटावरील नाव पुसले गेले. दुसऱ्याने जमिनीच्या कागदावर मालक म्हणून नाव चढले. तिसरा निर्णय अधिक सूक्ष्म आहे. गावात कोणाचे नाव कुठे, कसे आणि कोणत्या जागी लिहायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याच्या लेखणीवर अवलंबून असे. ती लेखणी आता नेमणुकीने मिळू लागली आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील शिकलेल्या तरुणांनाही तलाठ्याच्या जागा मिळाल्या. ज्याचे नाव लिहिले जात होते, तोच आता नावे लिहू लागला.

१६.
यामागे शिक्षणाचा पाया होता. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला. शाळेतही हजेरी असते, पण तिचा अर्थ चावडीच्या हजेरीच्या नेमका उलट. चावडीवर नाव घेतले जाई ते माणूस पळाला नाही ना हे पाहण्यासाठी. शाळेत नाव घेतले जाते ते मूल आले ना, यासाठी. एकाच शब्दाचे हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावेत.

१७.
शाळेच्या पटावरील एका नोंदीचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक असायला हवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये एका मुलाचे नाव लिहिले गेले : भिवा रामजी आंबेडकर. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. एका मुलाचे नाव पटावर आले, एवढ्याच घटनेचा हा दिवस आहे. त्याच पटापासून निघालेली वाट पुढे राज्यघटनेच्या मसुद्यापर्यंत गेली.

१८.
आता कोल्हापूर शहरात येऊ. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीस होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी मदत दिली. त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक हॉटेल'. महाराज स्वतः तेथे थांबत, चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत.

१९.
या हॉटेलाच्या पाटीविषयी एक आठवण कोल्हापुरात सांगितली जाते. महाराजांनी विचारले की, पाटीवर तू आपले नाव का लिहिले नाहीस? त्यावर गंगारामांनी उलट प्रश्न केला की, दुकानाच्या पाटीवर दुकानदाराची जात लिहिणे जरुरीचे आहे काय? आठवणीचे शब्द तोंडोतोंडी बदलले असतील, पण तिचा आशय विलक्षण आहे. राजा नाव विचारतो आहे आणि प्रजाजन सांगतो आहे की आमच्यात नाव आणि जात यांच्यात अंतरच उरलेले नाही.

२०.
येथे आपल्या विषयाची दुसरी बाजू उघड होते. कधी नाव न सांगणे हेच स्वाभिमानाचे असते. नाव विचारणाऱ्याला आडनाव हवे असते, आडनाव विचारणाऱ्याला गाव, आणि गाव विचारणाऱ्याला जात. ही प्रश्नमालिका आजही आपल्या परिचयाची आहे. तेव्हा नावाने हाक मारण्याचे महत्त्व सांगताना हेही सांगितले पाहिजे की, नाव हे माणसाने विश्वासाने दिलेले असते. ते ओरबाडून घ्यायचे नसते.

२१.
गंगारामांनी त्या विश्वासाची परतफेड कशी केली? शाहू महाराज १९२२ मध्ये निवर्तले. त्यानंतर गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले. ते महाराजांचे पहिले स्मारक मानले जाते. ज्याने स्वतःच्या पाटीवर नाव लिहिले नाही, त्याने राजाचे नाव दगडात जपले.

२२.
२१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते भीमराव रामजी आंबेडकर. शाहू महाराज तेथे गेले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की, तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे. एका छत्रपतीने भर सभेत अस्पृश्य समाजातील तरुण विद्वानाचे नाव आदराने घेणे, ही त्या काळी केवळ सौजन्याची बाब नव्हती. सभेतील प्रत्येक माणसाला त्या उच्चारातून स्वतःचे मोल ऐकू आले असेल.

२३.
दुसऱ्याने दिलेले नाव चांगले वाटले, तरी ते स्वीकारायचे काय? हा प्रश्न १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधिमंडळात उभा राहिला. स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीत अस्पृश्य वर्गासाठी 'हरिजन' हा शब्द घालण्यात येत होता. महात्मा गांधींनी रूढ केलेला हा शब्द सद्‌भावनेचा होता. पण भाऊराव गायकवाड आणि डॉ. आंबेडकर यांनी त्यास विरोध केला. ज्यांना हे नाव द्यायचे, त्यांना ते नको आहे, हा त्यांचा मुद्दा. बहुमताने तो फेटाळला गेला, तेव्हा डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले.

२४.
या प्रसंगात एक मोठे तत्त्व आहे. एखाद्या समाजाला गोड नाव देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, नाव ठेवण्याचा अधिकार अखेर त्या नावाने जगणाऱ्याचा असतो. 'आम्ही तुम्हाला आदरानेच तर म्हणतो' हे उत्तर पुरेसे नसते. 'तुम्हाला काय म्हणवून घेणे आवडेल?' हा प्रश्न आधी यावा लागतो.

२५.
हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. १९६३ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात गॅड्सडेन येथे मेरी हॅमिल्टन ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती न्यायालयात साक्ष देत होती. गोऱ्या साक्षीदारांना 'मिस्टर', 'मिस' म्हणणाऱ्या सरकारी वकिलाने तिला नुसते 'मेरी' म्हटले. 'मिस हॅमिल्टन' म्हणेपर्यंत उत्तर देणार नाही, असे तिने बजावले. न्यायालयाचा अवमान केला म्हणून तिला ५ दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला. ती शेवटपर्यंत लढली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली.

२६.
आमच्या 'गण्या'ला आणि तिच्या 'मेरी'ला शेजारी ठेवा. दोन्हीकडे नाव तर घेतलेच जात होते. पण जे संबोधन एकाला आपोआप मिळते, ते दुसऱ्याला नाकारणे, यात अपमान होता. म्हणून नावाने हाक मारणे म्हणजे केवळ नाव उच्चारणे नव्हे. सर्वांना ज्या पायरीवरून हाक मारतो, त्याच पायरीवरून यालाही मारणे, असा त्याचा खरा अर्थ.

२७.
आता घरात येऊ. मराठी घरात स्त्रीच्या नावाचा इतिहास हा स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे, पण दोन शब्द येथे हवेतच. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची रीत अनेक घरांत होती. त्या क्षणी वीस वर्षे ज्या नावाने आईने हाक मारली, ते नाव मागे पडे. पुढे ती 'अमक्याची बायको', मग 'तमक्याची आई'. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. ही केवळ रूढी.

२८.
नवऱ्याचे नाव बाईने घ्यायचे नाही, हीही रूढी. ते घ्यायचेच तर उखाण्यात, यमक जुळवून, चारचौघांच्या आग्रहाने. नवराही बायकोला 'अगं', 'ऐकलंस का' असेच म्हणे. म्हणजे दोघेही एकमेकांचे नाव घेत नसत. तरी तुल्यता नव्हती. त्याचे नाव दारावर होते, सातबाऱ्यावर होते, तिच्या उखाण्यातही होते. तिचे नाव कुठे होते? १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' अभियान राबवून पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला. त्यामागे हाच प्रश्न होता.

२९.
नावापुढच्या अक्षरांचेही तसेच. पुरुषाच्या नावापुढील 'श्री.' त्याच्या लग्नाविषयी काहीच सांगत नाही. स्त्रीच्या नावापुढील 'कु.', 'सौ.' आणि 'गं. भा.' मात्र तिचा नवरा आहे काय, हेच सांगतात. २०२३ मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द पुन्हा सरकारी वापरात आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा राज्यभर टीका झाली ती याचमुळे. त्याआधी २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातीलच शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करून साऱ्या राज्यापुढे उदाहरण ठेवले होते.

३०.
आणि काही मुलींना तर नावच असे मिळाले की हाक म्हणजे जखम. मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली, तर तिचे नाव 'नकुशी' ठेवायचे. नको असलेली, म्हणून नकुशी. शाळेच्या हजेरीत रोज, मैत्रिणींच्या तोंडी रोज, आईच्या हाकेतही रोज तेच. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्हा प्रशासनाने नामांतराचा सोहळा घडवून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. अनेकींनी आपले नवे नाव स्वतः निवडले.

३१.
हा आकडा दूरचा वाटू नये. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर १००० मुलांमागे ८३९ मुली होत्या. 'नकुशी' हे नाव उच्चारले तरी जाते. पण जिला जन्मच नाकारला गेला, तिला तेवढेही नाव मिळाले नाही. नाव ठेवणे ही माणसाच्या स्वागताची पहिली कृती असते. त्या कृतीत खोट आली की पुढचे सारे बिघडते.

३२.
राज्यकर्त्यांनीही अलीकडे या विषयाची दखल घेतली आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याजागी समता नगर, भीम नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावे सुचवण्यात आली. १ मे २०२४ पासून शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला. जिच्या पोटी जन्म, तिचे नाव कागदावर यायला एवढा काळ लागला.

३३.
पाटी बदलली म्हणजे मन बदलले, असे नव्हे. शाहू नगराला जुन्याच नावाने ओळखणारी माणसे आजही भेटतात. 'गुन्हेगार जमाती' हा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने पुसला, पण त्या जमातींतील मुलांकडे पाहणारी नजर एका दिवसात बदलली नाही. कायदा नाव दुरुस्त करू शकतो. हाक मात्र आपल्या तोंडून निघते आणि ती दुरुस्त करणे आपल्याच हाती असते.

३४.
आता पुन्हा बिद्रीच्या परिसरातील उसाच्या फडात. राज्याने ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ स्थापन केले आहे आणि कामगारांची नावनिशीवार नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेतले आहे. वरवर ही कागदी बाब वाटते. पण विमा हवा, मुलांना शाळा हवी, अपघातानंतर भरपाई हवी, तर माणूस कागदावर नावाने असावा लागतो. कोयत्याला विमा मिळत नाही. बाळंतपणाची रजा कोयत्याला मागता येत नाही. ते हक्क माणसाचे आहेत आणि माणसाची पहिली नोंद म्हणजे त्याचे नाव.

३५.
मात्र नोंद कोणत्या पटावर होते, हे विसरू नका. चावडीच्या हजेरीचा पट आणि शाळेच्या हजेरीचा पट, दोन्ही नावांनीच भरलेले होते. एकाने माणसाला बांधले, दुसऱ्याने सोडवले. नव्या काळातील प्रत्येक नोंदवहीला, प्रत्येक यादीला हाच प्रश्न विचारायला हवा : हे नाव कशासाठी लिहिले जात आहे? इतिहास वाचण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

३६.
आपल्या कोल्हापूरकडच्या बोलीत परक्यालाही नात्याने हाक मारण्याची सुंदर रीत आहे. 'ओ मामा', 'अण्णा', 'आक्का', 'तात्या', 'मावशी'. ही रीत टाकू नये. तिच्यात जिव्हाळा आहे. पण नातेही कधी कधी नाव झाकते. घरी भांडी घासणाऱ्या 'मावशीं'चे नाव घरातील किती जणांना ठाऊक असते? कॉलेजच्या शिपाई 'मामां'चे? बांधावर पाल टाकून राहिलेल्या जोडप्याचे?

३७.
म्हणून थ्रेड संपवताना तुमच्याकडे तीन मागण्या आहेत.

एक : आजी हयात असेल तर तिला तिचे माहेरचे नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुष्कळ घरांत दोन पिढ्यांपलीकडच्या एकाही बाईचे नाव कोणाला सांगता येत नाही.
दोन : गावचे जुने दफ्तर, शाळेचे जुने पट, स्मारकांवरील नावे पाहायला मिळाली, तर राजांच्या नावांबरोबर बाकीचीही वाचा.
तीन : रोज दिसणाऱ्या पण नाव ठाऊक नसलेल्या एका माणसाला आदराने नाव विचारा. त्याला सांगावेसे वाटले तर लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावाने, 'अहो-जाहो' करून हाक मारा.

३८.
इतिहासाचा अभ्यास म्हणजे मेलेल्या माणसांची नावे पाठ करणे, अशी थट्टा केली जाते. त्यात थोडे तथ्य आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. कोरेगावच्या दगडावरील नाक असो, साताऱ्याच्या पटावरील भिवा असो, की पाटीवर नाव न लिहिणारे गंगाराम कांबळे असोत. त्यांची नावे आपण घेतो, म्हणून ते आपल्यात आहेत. जिवंत माणसांच्या बाबतीत तर हे काम आणखी सोपे आहे. ती समोर उभी आहेत. फक्त विचारायचे आहे.

थ्रेड समाप्त. तुमच्या आजीचे माहेरचे नाव कळले, तर तिच्या परवानगीने खाली जरूर लिहा.